जसे नेले तसे परत

१९९२ सालची गोष्ट आहे. बेचाळीसच्या लढ्याला पन्नास वर्षे होत होती आणि पालघरमध्ये त्या वर्षी १४ ऑगस्टला नेहमीपेक्षा वेगळे काही करावे, असे आम्हा पाच-सहा जणांच्या मनात होते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. ही नावे आमच्या गावात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण नावांपलीकडे काय? म्हणून ठरले, की गावोगावच्या घरांतून त्या काळच्या वस्तू गोळा करायच्या आणि एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचे.

मी तेव्हा बँकेच्या येथल्या शाखेत होतो. बँकेचा माणूस म्हटल्यावर लोक दार उघडतात, त्यामुळे गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. आठ-दहा दिवसांत चरखे, टकळ्या, टोप्या, फोटो, पत्रके असे बरेच काही जमले. एका आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक पत्र काढून दिले. त्यांच्या यजमानांनी तुरुंगातून पाठवलेले, आखीव कागदावरचे, पाठपोट लिहिलेले. खालच्या कोपऱ्यात तुरुंगाचा जांभळा शिक्का आणि त्यात तारीख.

आम्ही ते पत्र काचेच्या चौकटीत बसवले. कागद आणि काच यांच्यामध्ये थोडी फट ठेवायची असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही कोणाला विचारलेही नव्हते. चौकट भिंतीला टांगली. ऑगस्ट महिन्यातली पालघरची भिंत! हात लावला तर तळवा ओला व्हावा. आठ दिवस गर्दी छान झाली, भाषणे झाली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. नवव्या दिवशी चौकट उघडली तेव्हा कागद काचेला चिकटला होता. शिक्क्याची शाई पसरून जांभळा डाग झाला होता, आणि सोडवताना तो कोपराच काचेवर राहिला.

मी पत्र परत द्यायला गेलो. आजींनी ते उलटसुलट करून पाहिले.

"अक्षर आहे साहेब," त्या म्हणाल्या. "पण तारीख गेली की हो."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. चहा केला. तो चहा मला आजही आठवतो.

मला छळत राहिली ती गोष्ट निराळीच. त्याच आठवड्यात मी शाखेत सोनेतारणाची चार प्रकरणे केली होती. सोनेतारणात काय करतात ते अनेकांना माहीत असेल. सराफ येतो, दागिना वजन करतो, कसाला लावतो. आपण लिहितो: बांगड्या चार, पैकी एकीला टीच, मंगळसूत्राच्या दोन वाट्या, एक चेपलेली. मग पुडके, चिठ्ठी, सह्या आणि तिजोरी, जिच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. कर्ज फिटले की गिऱ्हाईक पुडके उघडते, मणी मोजते आणि मगच सही करते. चेपलेली वाटीसुद्धा चेपलेलीच परत मिळाली पाहिजे. पैशाचे तसे नसते. शंभराची एक नोट घेतली, दुसरी परत केली, हिशेब मिटला. वस्तूचा हिशेब असा मिटत नाही. हे मला शाखेत कळत होते आणि तिथून पाच मिनिटांवरच्या शाळेत कळले नाही! आजींना मी साधी पावतीही दिली नव्हती.

निवृत्तीनंतर संग्रहालये पाहण्याचे मला वेड लागले ते या पत्रामुळे. माझे पाहणेही जरा विचित्र आहे. लोक मूर्ती पाहतात, मी मूर्ती कशावर उभी आहे ते पाहतो. लोक नाणे पाहतात, मी काचेच्या पेटीचे कुलूप पाहतो. घरच्यांनी माझ्याबरोबर येणे केव्हाच सोडले आहे. पण त्यातून एक गोष्ट कळत गेली. प्रदर्शन म्हणजे उद्घाटनाची फीत नव्हे. प्रदर्शन म्हणजे मुख्यतः उसनवारी. आणि उसनवारी निभावण्याची व्यवस्था ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच इतिहास मुक्कामाला येतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ११ नोव्हेंबर २०१७ ते १८ फेब्रुवारी २०१८ या काळात 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन भरले होते. ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि मुंबईचे हे संग्रहालय अशा तिघांनी मिळून ते केले. दोनशेहून अधिक वस्तू, आणि त्यांतल्या भारतीय वस्तूही देशातल्या अनेक संग्रहांतून मागून आणलेल्या. थाळी फेकणाऱ्या खेळाडूचा तो प्रसिद्ध संगमरवरी पुतळाही लंडनहून आला होता. असा पुतळा येतो तेव्हा सौंदर्याचा विचार शेवटी येतो. आधी प्रश्न असतो दाराच्या रुंदीचा, जमिनीला किती वजन पेलेल याचा, आणि रस्त्यात ट्रकला किती धक्के बसतील याचा.

या धंद्यातले शिष्टाचार कडक आहेत. वस्तू निघण्यापूर्वी तिचा स्थिती-अहवाल होतो. आमच्या सोनेतारणाच्या चिठ्ठीचाच हा थोरला भाऊ. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक टवका, फोटोसह. वस्तू मोजमापाच्या खोक्यात, तिच्याच आकाराच्या गादीत बसते. अनेकदा देणाऱ्या संग्रहालयाचा माणूस बरोबर येतो आणि खोके त्याच्यादेखत उघडले जाते. तेही आल्या आल्या नाही. थंड विमानातून दमट मुंबईत आलेले खोके साधारण एक दिवस तसेच ठेवतात, नाहीतर वस्तूला घाम फुटतो. मग पुन्हा तपासणी, पुन्हा सह्या. परत जातानाही तोच सोपस्कार. विमाही वस्तू मूळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा त्याच जागी बसेपर्यंतचा असतो. या व्यवसायात त्याला 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' म्हणतात. मला हा शब्दप्रयोग फार आवडला. आमच्या चौकटीला खिळा होता, बाकी काही नव्हते.

आता कोणी म्हणेल, हे मुंबईचे झाले. जिल्ह्याच्या गावाला हे कसे झेपणार? त्याचे उत्तर साताऱ्याने दिले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांच्या कराराने उसनी आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. पुढे २०२५ मध्ये ती नागपूरला गेली. लंडनच्या संग्रहालयाने आपली वस्तू साताऱ्यात ठेवायला होकार दिला, तो काही केवळ आपल्या भावनेखातर नव्हे. पेटी, पहारा, विमा आणि कागदपत्रे यांची खात्री पटल्याशिवाय असे करार होत नाहीत.

याच वाघनखांवरून प्रदर्शनातले सर्वांत अवघड काम कोणते तेही कळते. ते म्हणजे वस्तूशेजारची चिठ्ठी. ही वाघनखे साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे होती आणि त्याच्या वंशजांकडून ती संग्रहालयाकडे गेली. डब्यावरच्या मजकुरात ती शिवाजी महाराजांची असल्याचे म्हटले आहे. पण अफजलखानाच्या वधात वापरलेली ती हीच, याला पुरावा देता येत नाही, असे खुद्द लंडनचे संग्रहालय सांगते. आपल्याकडच्या अभ्यासकांनीही शंका घेतल्या, वाद झाले. अशा वेळी चिठ्ठीवर काय लिहायचे? 'हीच ती' लिहिले तर टाळ्या मिळतात. 'परंपरेने असे मानले जाते' लिहिले तर काही लोक रागावतात. माझे मत विचाराल तर दुसरेच लिहावे, आणि वस्तू लंडनपर्यंत कशी पोहोचली तेही लिहावे. बँकेत आम्ही 'पिवळ्या धातूचे दागिने' असे लिहीत असू. सराफाने कस लावेपर्यंत 'सोने' हा शब्द नाही. त्यात गिऱ्हाइकाचा अपमान नसे.

चिठ्ठी लहान हवी, हा दुसरा जाच. उभा माणूस पन्नास-साठ शब्दांपुढे वाचत नाही. कादंबरीकाराला ही शिक्षाच आहे. आमच्या प्रदर्शनात मी एकेका वस्तूला दोन-दोन पाने मजकूर लिहिला होता, आणि तो पूर्ण वाचणारा एकच इसम मला दिसला. तो पाऊस थांबायची वाट पाहत होता.

साताऱ्यावरून मला आपला जिल्हा आठवतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला; कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या प्रशस्त इमारती उभ्या राहिल्या. या जिल्ह्याने जगाला दिलेल्या वस्तू कमी नाहीत. फक्त त्या पाहायला आपल्याला लोकल पकडून मुंबईला जावे लागते.

एकट्या सोपाऱ्याचेच पाहा. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा उंचवटा उकरला. तो निघाला विटांचा स्तूप. पोटात विटांची कोठी, कोठीत दगडाची गोल पेटी. पेटीत मध्ये तांब्याचा करंडा आणि त्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय असावे? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, एकूण तेरा. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणीतरी ते इतक्या निगुतीने जपले होते. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे. मूर्ती मात्र नाण्याहून कित्येक शतके नंतरच्या. म्हणजे मध्ये केव्हातरी कोणीतरी स्तूप उघडला, आतले होते तसे ठेवले, आपल्या परीने भर घातली आणि पुन्हा बंद केला. त्या अज्ञात माणसाइतका चांगला संग्रहपाल मला अजून भेटायचा आहे.

हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षी सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी धर्मयात्रेला निघालो, असा त्या शिलालेखाचा आशय. १८८२ साली या वस्तू मुंबईला गेल्या म्हणूनच त्या वाचल्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या कायमच्या परत द्या, अशी मागणी करणाऱ्यांत मी नाही. पण एका मोसमापुरत्या, तीन महिन्यांसाठी, त्या आपल्या जिल्ह्यात येऊ नयेत का?

मागायला हरकत नाही. मात्र मागणाऱ्याने आधी आपली हवा ओळखावी. तारापूर, चिंचणी, केळवे, अर्नाळा ही सगळी समुद्रकाठची गावे. हवेत मीठ, पावसाळ्यात ओलावा नव्वद टक्क्यांच्या घरात. कांस्याला आणि तांब्याला मीठ नि ओल एकत्र मिळाली की अंगावर फिक्या हिरव्या भुकटीचे फोड येतात. या रोगाला औषध म्हणजे कोरडी हवा. त्यासाठी हवाबंद पेटीत सिलिका जेल ठेवावे लागते आणि ते वेळच्या वेळी सुकवावे लागते. पेटी सुताराकडून घाईने नव्या प्लायवूडची करून घ्यावी, तर त्यातून आंबूस वाफ सुटते आणि सातवाहनांची शिशाची नाणी तिने पांढरी पडतात. उजेडाचेही तसेच. कागद, कापड यांच्यावर पन्नास लक्सहून जास्त प्रकाश पडू नये असा संकेत आहे. आपल्या अंगणातले दुपारचे ऊन लाखाच्या घरात जाते. म्हणूनच संग्रहालयात अंधारे वाटते. मी पूर्वी त्याबद्दल कुरकुरत असे.

म्हणजे एक खोली. पण खरी खोली. पावसाळा सोडून नोव्हेंबर ते जानेवारी. नीट पेट्या, दोन किल्ल्या, रात्रंदिवस पहारा, आणि ओलाव्याचा आकडा रोज वहीत लिहिणारा एक शिकलेला माणूस. हा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा आणि अंदाजपत्रकात नेहमी तोच राहून जातो. फीत कापण्याच्या मंडपाला पैसे मिळतात. तीन महिने वही लिहिणाऱ्याला मिळत नाहीत.

ही खोली एकदा झाली, की ती केवळ उसन्या वस्तूंसाठी राहणार नाही. आपल्या बोईसर-तारापूर पट्ट्याचेच पाहा. १९५५ मध्ये चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा. त्यावेळी संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने एका अरब अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे येते. हे मुहंमदचे संस्कृत रूप. त्याने लोकांसाठी नदी ओलांडायला होड्यांची फुकट सोय केली, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र घातले, आणि त्याच्या संमतीने भगवतीच्या मठाला जमीन दान मिळाली. हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या किनाऱ्याची ही गोष्ट तारापूरच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला कोणी सांगितली आहे का? मूळ पत्रा मिळाला नाही तर उत्तम ठसा चालेल. मुंबईच्या संग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून प्रतिकृती घेऊनच शाळांपर्यंत पोहोचते. तिथे मुले प्रतिकृती हातात घेतात, तो आनंद काचेआडच्या अस्सल वस्तूत नसतो.

आणि या सगळ्या राजेरजवाड्यांच्या शेजारी मला एक अंगठ्याचा कागद हवा आहे. बँकवाल्याचा हट्ट म्हणा. डहाणू, तलासरी भागातला वारली गडी लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि त्या फेडीपायी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. 'लग्नगडी' हा शब्द तिथलाच. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. वारली चित्रे आता जगभर पोहोचली आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात होती, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती चित्रे लावायलाच हवीत. पण लग्नाचा चौक भिंतीवर लावताना त्या लग्नाचे कर्ज कोणाच्या वहीत चढले होते, तेही शेजारी दिसले पाहिजे. असा अंगठ्याचा कागद कुठल्या तरी माळ्यावर अजून असेल, आणि कसर तो आमच्याआधी गाठेल ही मला भीती आहे.

भीतीचे दुसरे कारण म्हणजे हा किनारा फार वेगाने बदलतो आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. कोणाची बाजू बरोबर हा वाद इथे नको. पण गाव उठते तेव्हा आधी काय टाकून दिले जाते? जुनी जाळी, लाकडी पेट्या, कागद. नंतर पन्नास वर्षांनी प्रदर्शन भरवणारे ज्यासाठी दारोदार फिरतात, नेमके तेच.

सगळेच गोळा करून सगळेच मांडावे, असेही माझे म्हणणे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात त्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या आत विश्रांती घेतात. कागदाला आणि कापडाला तर ती लागतेच. तीन-चार महिने उजेडात काढले की पुढे बराच काळ अंधार. आमच्या १९९२ च्या सभागृहात एकोणीस चरखे एका रांगेत होते. आम्हाला कोणालाच नाही म्हणता आले नव्हते. एकाच चरख्याशेजारी त्याच्या मालकिणीची हकिकत लावली असती, तर लोक थांबले असते.

मागच्या पावसाळ्याअखेर मी पुन्हा त्या घरी गेलो होतो. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. आता त्यांचा नातू असतो. काही तरुण मंडळी जिल्ह्यातल्या जुन्या कागदांचे फोटो काढून जपून ठेवण्याचे काम करत आहेत, त्यांच्यासाठी ते पत्र दोन दिवस हवे होते. नातवाने ट्रंक उघडली. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत होते; मी ते काढून मऊ, आम्ल नसलेल्या कागदात ठेवायला दिले, तेव्हा त्याने जरा संशयाने पाहिले. त्याला जांभळ्या डागाची गोष्ट आजीकडून कळलेली होती.

"काका, ते तुम्हीच ना?" त्याने विचारले.

मी हो म्हटले. मग आम्ही ओट्यावर बसून लिहिले: पत्र एक, पाठपोट, घड्या तीन, मधल्या घडीवर चीर, उजवा खालचा कोपरा नाही, तेथे जांभळा डाग, लांबी दीड बोटे. दोन प्रती केल्या आणि दोघांनी सह्या केल्या. त्याने आपली प्रत ट्रंकेत ठेवली आणि मला विचारले, "गुरुवारी किती वाजता आणून देणार?"